चोविसावं चाक

ह्यांचे ओठ जांभळे पडले होते आणि मी पाठीत बुक्क्या घालत होते. खोकला येत नव्हता. आवाजही येत नव्हता. डोळे बाहेर आल्यासारखे दिसत होते. डावा हात गळ्याशी गेला होता आणि उजवा, जो पाच महिन्यांपासून लुळा होता, समोरच्या ताटलीत पडला होता. मी नवऱ्याच्या तोंडात बोट घालून गाल चाचपले, जिभेखाली पाहिलं. हाताला काही लागलं नाही. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर. माझ्या बुक्क्यांत जोर असून असून असणार किती.

मी दार उघडलं आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर लाटणं आपटलं. खालच्या मजल्यावर एक भाईसाब राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते बनियनवरच वर आले. तोवर मी पाण्याचा पेला ह्यांच्या तोंडाला लावायला निघाले होते.

"भाबी, पानी नक्को," ते म्हणाले. "हटो उधर."

त्यांनी ह्यांना मागून मिठी मारली, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवली आणि खसकन आत आणि वर ओढली. एकदा झालं, दोनदा झालं. रेल्वेत असताना त्यांना हे शिकवलं होतं म्हणे, पण सगळ्या नोकरीत कधी वापरायची वेळ आली नव्हती. तिसऱ्या वेळी ह्यांच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज निघाला आणि छाती हलली. ओठांचा रंग हळूहळू परत आला. तोंडातून मात्र काहीच बाहेर पडलं नाही.

"क्या खारे थे?" भाईसाबनी विचारलं.

"कुछ नहीं खारे थे. टँक का पहिया था मुँह में."

आता भाबीलाही सोबत दवाखान्यात न्यावं लागणार, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. टेबलावर जर्मन लोकांचा टायगर रणगाडा होता. प्लास्टिकचा, तळहाताएवढा. एका बाजूची सगळी चाकं लागलेली, दुसरी बाजू अर्धी उघडी.

तो तिथं कसा आला ते आधी सांगते.

हे सिकंदराबादला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात मेकॅनिक होते. नांदेडकडून विशीत इथं आले आणि सगळी नोकरी पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांखाली झोपून काढली. अंगाला ग्रीसचा वास यायचा तो निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी गेला. दोन्ही हात गाडीत गुंतले की वॉशर, पिना, बारके नट हे ओठांत धरायचे. शिंपी टाचण्या धरतो तसे. त्यांच्या कारखान्यात सगळेच धरायचे. घरी मिक्सर उघडला तरी तेच. तोंडात नट असताना मी काही विचारलं तर नुसतं "उं" करायचे. लांब उं म्हणजे हो, तुटका उं म्हणजे डोकं खाऊ नको. आमचा निम्मा संसार ह्या दोन उंवर झाला.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी दाढी करताना त्यांचा अर्धा चेहरा उतरला आणि वस्तरा हातातून गळाला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, पण बोलणं गेलं. चार-पाच शब्द उरले, तेही वेळेवर सापडायचे नाहीत. भाजी हवी असली की "बस" म्हणायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे.

हाताचा व्यायाम करून घ्यायला एक तेलुगू पोरगी घरी यायची. चांगली होती, हसरी. "तातगारू, मेल्लगा, मेल्लगा," म्हणायची. आजोबा, हळूहळू. तिनं एका वाटीत राजमा ठेवला आणि ह्यांना सांगितलं की एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत टाका. ह्यांनी पहिल्या दिवशी सहा दाणे टाकले. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी वाटी ढकलून दिली. ज्या माणसानं आयुष्यभर गिअरबॉक्स खोलले त्याला राजमे मोजायला बसवलं होतं. मीही ढकलली असती.

पुढं जेवणही कमी झालं. गॅलरीत खुर्चीवर बसायचे आणि भिंतीकडे बघायचे. रस्ता दुसऱ्या बाजूला होता, पण खुर्ची फिरवायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले होते की पहिले सहा महिने महत्त्वाचे, हात तेवढ्यात काय येईल तो येईल. हात चालला नाही तर माणसाचं काय होतं ते डॉक्टर बोलले नाहीत. ते मला समोर दिसत होतं.

आमचा मुलगा कॉम्प्युटरवाला आहे. चाळिशी ओलांडली. त्याला एक नाद आहे. दर दुसऱ्या रविवारी तो हिमायतनगरला एका मित्राच्या घरी जातो आणि संध्याकाळी परत येतो. पहिली दोन वर्षं मला वाटायचं पितो. मी सुनेला तसं विचारलं.

"दारू असती तर निदान कपाटात जागा राहिली असती, आई," ती म्हणाली. सून पुण्याची आहे. तिचं बोलणं असंच असतं, सरळ चेहऱ्यानं.

ते युद्धाचा खेळ खेळायचे. मोठ्या टेबलावर हिरवी चादर, थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या कापडाची नदी. त्यावर बोटभर शिपाई आणि तळहाताएवढे रणगाडे. जाणती बापे माणसं टेप लावून मोजतात की आपली गाडी किती पुढं जाईल, मग फासे टाकतात आणि गोळी लागली की नाही त्यावरून भांडतात. मी एकदा बघायला गेले होते. एक जण बँकेत मॅनेजर होता. त्याच्या टेकडीला माझा पदर लागला तर त्याचा जीव खालीवर झाला.

तर मुलगा एक दिवस खोका घेऊन आला आणि बापाच्या समोर ठेवला. "बाबा, हा टायगर. माझ्याकडून नीट जुळत नाही. तुम्ही बघता का?"

ह्यांनी बघितलं नाही. खोका दोन दिवस तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी मी बेगम बाजारातून मिरच्या घेऊन आले तर खोका उघडा होता. ह्यांच्या डाव्या हातात दोन चाकं होती आणि गुडघ्यावर तो चित्रांचा कागद.

"चूक," हे म्हणाले.

मला वाटलं मी मिरच्या चुकीच्या आणल्या. पण ते चाकांबद्दल होतं. कितीतरी दिवसांनी न विचारता बोललेला तो पहिला शब्द.

संध्याकाळी मुलानं मला समजावून सांगितलं. हा रणगाडा जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात बनवला. फार जड, पन्नास टनांच्या वर. पुढचा पत्रा इतका जाड की समोरच्याचे गोळे उडून जायचे, आणि तोफ इतकी लांब की दुसरा जवळ यायच्या आधीच त्याला फोडायची. सगळ्यांना धाक. एवढं वजन वाहायचं म्हणून चाकं एका रांगेत लावली नाहीत, एकमेकांवर चढवून लावली, माशाच्या खवल्यांसारखी. एका बाजूला आठ आस आणि प्रत्येक आसावर तीन चाकं. आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची सात-आठ आधी काढायची. थंडीच्या मुलखात चाकांमध्ये चिखल अडकायचा, गोठायचा, की गाडी हलेना. रेल्वेत मावत नव्हता म्हणून चढवताना बाहेरची चाकं काढा, रुंद पट्टे काढा, अरुंद पट्टे लावा, उतरवल्यावर पुन्हा सगळं उलटं. निम्म्या पुलांना त्याचं वजन झेपत नव्हतं. पेट्रोल तर नुसतं ढोसायचा. कितीतरी टायगर शत्रूनं फोडलेच नाहीत. ते बंद पडले आणि त्यांच्याच माणसांनी उडवून दिले, मागून येणाऱ्यांच्या हाती लागू नयेत म्हणून.

"मग ह्याचं एवढं कौतुक कशाला?" मी विचारलं.

"दिसतो भारी ना."

हे खुर्चीतून हसले. एकाच बाजूनं, पण हसले. आयुष्यभर त्यांनी हेच सांगितलं होतं, की साहेब लोक गाडीचं तोंड बघतात आणि मेकॅनिकला तिचं पोट बघावं लागतं.

मला दुसरं एक विचारायचं होतं. "हे तेच का, ज्यांनी माणसं जन्मावरून वेगळी काढून मारली?"

"हो, तेच."

"मग त्यांची गाडी आपल्या घरात कशाला?"

मुलगा म्हणाला, "आई, खेळात दुसरी बाजूही लागते. नाहीतर हरवायचं कुणाला?"

ते मला पटलं. तरी मी सांगितलं की ह्यावर त्यांची कुठलीही खूण चिकटवायची नाही. खोक्यात खुणांचा कागद होता, तो ह्यांनी स्वतः डाव्या हातानं चुरगाळून मला दिला. मी तो ओल्या कचऱ्यात टाकला.

मग रोजचं काम सुरू झालं. सकाळी बुद्धवंदना, चहा, गोळ्या, आणि दहा वाजता रणगाडा. मी समोर पोळ्यांचं पीठ मळत बसायची आणि हे चाकं घासत बसायचे. डाव्या हातानं गाडी धरायची आणि उजव्यानं चाक बसवायचं, असा नियम त्या तेलुगू पोरीनं घालून दिला. उजव्या हाताला आधी चाक धरताच यायचं नाही. मी बाजारातून भुवया कोरायचा चिमटा आणून दिला. पहिल्या दिवशी एक चाक बसायला पाऊण तास लागला. शर्टाच्या बटणाएवढं चाक, ते सुद्धा वाकडं बसलं. ह्यांनी ते काढून पुन्हा बसवलं. राजम्याचा दाणा वाकडा पडला म्हणून कुणी पुन्हा उचलत नाही. चाक वाकडं चालत नाही. एवढाच फरक होता, पण त्यानं हात हलायला लागला. जेवणही वाढलं.

चाकं फार घरंगळायची. एक माझ्या निऱ्यांत जाऊन बसलं होतं, ते रात्री साडी सोडल्यावर सापडलं. दुसरं सुनेच्या चपलेत. तेव्हापासून मी रोज मोजून द्यायची आणि मोजून ठेवायची. मी चौथीपर्यंत शिकले, पण मोजण्यात मला कुणी हरवलेलं नाही. डावी बाजू पुरी झाली, चोवीस. मग उजवी बाजू घेतली. त्या सकाळी गाडीला आठ लागलेली होती आणि ताटलीत सोळा मी स्वतः मोजून टाकली.

मी ज्वारीचं पीठ आणायला आत गेले. दोन मिनिटं झाली असतील. ह्यांना एक हात गाडीला आणि एक चिमट्याला लागला असणार, आणि पुढचं चाक ठेवायला तिसरा हात नव्हता. मग चाक नेहमीच्या जागी गेलं. ओठांत. उजव्या बाजूला. त्या बाजूला त्यांना काही लागतच नव्हतं. चहा ओघळून हनुवटीवर आला तरी कळायचा नाही. मी रोज पुसायची. रोज पुसून माझ्या डोक्यात आलं नाही की हा माणूस बारक्या वस्तू तोंडात धरणारा आहे. त्यांची सवय होती, चूक म्हटली तर ती माझी.

दवाखान्यात जाताना रिक्षात ह्यांना भाईसाबनी धरून ठेवलं होतं. अंगात ह्यांचाच शर्ट, कारण खाली जाऊन स्वतःचा घालायला वेळ नव्हता. प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती.

"बजने दो," भाईसाब म्हणाले. "बज रई है तो हवा जारी है."

डॉक्टर तरुण होते. छातीचा फोटो काढला, त्यात काही नव्हतं. मोठ्या मशीनमध्ये घातलं. तिथं उजव्या फुप्फुसाकडे काहीतरी पुसट दिसलं. डॉक्टर म्हणाले तो कफही असू शकतो, झटका आलेल्यांच्या छातीत अन्नपाणी जातंच. प्लास्टिक फोटोत दिसत नाही. चाक कदाचित जमिनीवर पडलं असेल, कदाचित पोटात गेलं असेल.

"आत नळी घालून बघा," मी म्हटलं.

तोवर मुलगा आला होता. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना बाजूला घेतलं. म्हणाले, ह्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. दुर्बीण घातली आणि आत खरचटलं तर रक्त थांबणार नाही. गोळ्या बंद केल्या तर दुसरा झटका येऊ शकतो. चाक आत नसेल तर हा धोका फुकटचा. आणि चाक आत असेल आणि काढलं नाही, तर त्यामागे पू होईल, आणि ह्या वयात त्यातून माणूस उठत नाही.

"म्हणजे नक्की कळायला हवं," मुलगा म्हणाला.

"नक्की कळायला हवं," डॉक्टर म्हणाले.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "आई, तू नीट मोजलं होतंस? साडीत बघ बरं एकदा. मागं निघालं होतं तसं."

मी दवाखान्याच्या बायकांच्या मोरीत जाऊन साडी सोडली, झटकली, परकर झटकला, पुन्हा नेसले. काही नव्हतं. मग सुनेला फोन लावायला सांगितलं. ती ऑफिसातून दवाखान्याकडेच निघाली होती. मी म्हटलं, इकडे येऊ नकोस, घरी जा. झाडू लावू नकोस, झाडून लांब उडेल. गुडघ्यावर बसून हातानं चाचप. सोफा सरकव. पिठाचा डबा चाळून बघ. ह्यांच्या खुर्चीची गादी उसव. आणि मग गाडी आणि ताटली जशी आहे तशी घेऊन ये.

ती दीड तासानं आली. ऑफिसच्या कपड्यांचे गुडघे काळे झालेले, केसांत पीठ. हातात स्टीलचा डबा, त्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेला रणगाडा आणि वेगळ्या रुमालात चाकं.

"घरात नाही, आई," ती म्हणाली. "उसवायचं ते सगळं उसवलं. फ्रिजखाली मला गेल्या वर्षी हरवलेलं कानातलं मिळालं. चाक नाही."

आम्ही बाकावर बसून मोजलं. मी, सुनेनं, मुलानं, आणि शेवटी भाईसाबनी. गाडीला उजव्या बाजूनं नऊ. म्हणजे त्या दोन मिनिटांत ह्यांनी एक बसवलं होतं. रुमालात चौदा. तेवीस झाली. चारदा तेवीसच झाली.

"खोक्यात कमी-जास्त येतात का कधी?" सुनेनं नवऱ्याला विचारलं.

"डाव्या बाजूला बरोबर होती. आणि आईनं सकाळी चोवीस मोजलीत म्हणजे चोवीस होती," मुलगा म्हणाला. मघाशी मला साडी सोडायला लावणारा हाच.

मी रुमालातलं एक चाक घेतलं आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, हे त्याच्या जोडीचं. घरात नाही, कपड्यांत नाही. पोटात गेलं असतं तर श्वास वाजला नसता. ते त्यांच्या छातीत आहे.

डॉक्टरांनी ते चाक उजेडाकडे धरलं, बोटांत फिरवलं. "आजी, हे कशाचं आहे?"

"जर्मन रणगाड्याचं."

"आणि बाबा काय करत होते त्याचं?"

"दुरुस्ती."

ते हसले नाहीत. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि ते चाक खिशात ठेवलं. आत दिसलं तर ओळखता यायला हवं, म्हणाले.

गोळ्या बंद करून दोन दिवस थांबायचं ठरलं, मध्ये झटका येऊ नये म्हणून सुई देत होते. ते दोन दिवस वाईट गेले. ह्यांना ताप चढला. शिट्टी कधी मोठी व्हायची, कधी बारीक. बारीक झाली की मी उठून बसायची. भाईसाब रोज दुपारी यायचे, ह्यांच्या पायथ्याशी बसायचे आणि रेल्वेच्या गप्पा सांगायचे. ह्यांना उत्तर देता यायचं नाही, त्यामुळे गप्पा बऱ्याच लांबायच्या.

"मियाँ, तुमने जिंदगीभर टँक खाया, अब पहिया भी निगल लिए," ते एकदा म्हणाले. ह्यांनी "उं" केलं. तुटका उं. तो ऐकून मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना आत नेलं. मुलानं कागदांवर सह्या केल्या होत्या. मला कुणी सही मागितली नाही, पण मोजणी माझी होती. आत काही नसतं आणि ह्यांना रक्तस्राव झाला असता, तर ते माझ्या तेवीसच्या आकड्यावर गेलं असतं. हे मला माहीत होतं आणि मुलालाही. त्यानं मला इडली आणून दिली आणि मी ती खाल्ली.

चाक निघालं. उजव्या फुप्फुसाच्या नळीत तिरकं अडकलं होतं. मधल्या आसाच्या भोकातून आणि कडेनं थोडी हवा जात होती, तीच वाजत होती. डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीत घालून मला दिलं आणि खिशातलं जोडीचंही परत केलं.

घरी आल्यावर भांडण झालं. मुलानं खोका उचलून माळ्यावर टाकला. म्हणाला, मीच हे आणलं, मीच संपवतो. सून म्हणाली, बाबांना परत राजमा दे म्हणजे आधी जेवण बंद होईल आणि मग बाकीचं. तो म्हणाला, राजमाही घशात जातो. ती म्हणाली, मग सगळ्यांनी लापशीच खाऊ या.

हे गॅलरीतून आले. भिंत धरून, स्वतःच्या पायानं. मुलाकडे बघून म्हणाले, "आण."

मुलगा हलला नाही. ह्यांनी पुन्हा शब्द शोधला. तोंड दोनदा उघडलं, मिटलं. "गाडी," म्हणाले. "अर्धी."

अर्धी गाडी ह्यांनी कारखान्यात कधी सोडली नव्हती. मी मुलाला म्हटलं, काढ तो खोका. त्याचा नियम मी घालते.

कपाटात करोनाच्या वेळचे कापडी मास्क पडले होते, मीच शिवलेले. त्यातला एक ह्यांच्या तोंडाला बांधला. मास्क असेपर्यंत चाक, मास्क सुटला की चाक बंद. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन वेळा चाक ओठांकडे नेलं आणि तीनही वेळा ते कापडावर आपटलं. दर वेळी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मास्क मीच शोधून काढला. पुढं ते टेबलाच्या कडेला चाकं मांडून ठेवायला शिकले. छातीतून काढलेलं चाकही त्यांनी बसवलं. मी ते गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुतलं होतं. आता ते कुठलं ते ओळखू येत नाही.

दिवाळीनंतर गाडी पुरी झाली. मुलगा म्हणाला, हिमायतनगरला नेतो. हे म्हणाले, "इथं." मग जेवणाच्या टेबलावर चादर आली, माझ्या उशा टेकड्या झाल्या आणि सुनेची निळी ओढणी नदी झाली. खेळायला दुसरा कोण, तर भाईसाब. मुलानं त्यांना नियम सांगितले. एका टायगरच्या बदल्यात भाईसाबना पाच लहान रणगाडे मिळाले.

"हौ, ये अच्छा है," भाईसाब म्हणाले. "गरीब आदमी, पाँच बच्चे."

फासे ह्यांनी उजव्या हातानं टाकले. मूठ पुरी उघडत नव्हती, त्यामुळे फासा कधी हातातच राहायचा आणि झटकावा लागायचा. दोन रणगाडे ह्यांनी लांबूनच फोडले. मग नदी आली. पुलाला टायगरचं वजन झेपत नाही, म्हणून उथळ पाण्यातून जायचं, आणि तिथं फासा उलटा पडला. गाडी चिखलात रुतली. भाईसाब उरलेले तीन घेऊन मागून आले. मागचा पत्रा पातळ असतो.

"मियाँ, तुम्हारा शेर तो कीचड़ में बैठ गया," ते म्हणाले आणि फासा टाकला.

हे हरले. गाडी ओढणीवरून उचलून शर्टाला पुसली. मग म्हणाले, "पुन्हा. शनिवारी."

दोन शब्द एका दमात, आणि दोन्ही बरोबर.

त्यानंतर दोन वर्षं दर शनिवारी दुपारी भाईसाब वर यायचे. मी चहा ठेवायची, ते उस्मानिया बिस्किटं आणायचे. कोण किती जिंकलं ते मी लक्षात ठेवलं नाही, ते दोघं ठेवायचे आणि त्यांचे आकडे जुळायचे नाहीत. ह्यांचं बोलणं बरंच परत आलं, त्यातलं बहुतेक भाईसाबशी भांडताना आलं. हात पुरा आला नाही. शर्टाची वरची बटणं मी लावते, खालची ते लावतात.

भाईसाब ह्या जानेवारीत गेले. झोपेत गेले, आजारी पडलेच नाहीत. त्यांच्या मुलीनं सकाळी वर येऊन सांगितलं. हे मयतीला गेले, खांदा देता आला नाही म्हणून नुसते सोबत चालले. तो शनिवार आणि पुढचा शनिवार टेबल रिकामं राहिलं. तिसऱ्या शनिवारी मुलगा समोर बसला.

चाक घशात गेलं त्या सकाळी त्या खोलीत आम्ही तिघं होतो. भाईसाब आता नाहीत. मी आहे आणि हे आहेत.